एम-टूच्या मॅडमना मी पाचपैकी एक दिला होता : प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. प्राचार्य आणि फीडबॅक समितीचे सर्व सदस्य

सविनय नमस्कार.

मी तुमच्याच कॉलेजची माजी विद्यार्थिनी. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. राहायला ठाण्यात, वर्तकनगरला, आणि सध्या नोकरीला ऐरोलीत. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, आणि एम-टू, म्हणजे पहिल्या वर्षाचं दुसऱ्या सेमिस्टरचं गणित, शिकवणाऱ्या मॅडमचंही नाही. तुम्हाला वाचताच कळेल. नवी मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलांना हे आपल्याच कॉलेजबद्दल आहे असं वाटलं, तर त्यांनीही ते तसंच वाचावं.

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. ‘ताई, मॅडमचं एम-टू काढून घेतलं. फीडबॅक चार वर्षं सलग तीनच्या खाली आहे म्हणे. मे अखेर करार संपतोय, तो पुढे वाढवणार नाहीत असं ऐकलंय.’ खाली दोघांनी टाळ्यांचे इमोजी टाकले होते. मी पहिल्या वर्षाला असते तर तिसऱ्या टाळ्या माझ्या असत्या.

त्या चार वर्षांतल्या एका वर्षाच्या आकड्यात मी आहे. मी मॅडमना बारा प्रश्नांपैकी बाराही प्रश्नांत पाचपैकी एक दिला होता. ‘शिक्षक वेळेवर वर्गात येतात का?’ यालाही एक. मॅडम एकदाही उशिरा आल्याचं मला आठवत नाही.

तो फॉर्म मी कसा भरला ते सांगते, कारण त्या आकड्यावर तुम्ही एका माणसाची नोकरी ठरवायला निघाला आहात. सेमिस्टरचा शेवट होता, सबमिशनचा आठवडा. जर्नलवर सह्या घ्यायला तीन केबिनबाहेर रांगा लावून झाल्या होत्या. पोर्टलवर हॉल तिकीट घ्यायला गेलं की आधी फीडबॅक भरा असं यायचं, त्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. मी संध्याकाळच्या पनवेल-ठाणे लोकलमध्ये दाराजवळ उभी होते, एका हातात ड्रॉइंगची शीट आणि दुसऱ्यात मोबाईल. सहा विषय, प्रत्येकी बारा प्रश्न. तुर्भ्याला फॉर्म उघडला. मॅडमच्या नावाशी आले तेव्हा अंगठ्याने सरळ वरून खालपर्यंत डावीकडचं पहिलं वर्तुळ दाबत गेले. घणसोली यायच्या आत सहाही विषय संपले आणि हॉल तिकीट उतरलं. दुसऱ्या चाचणीचे गुण त्याच दिवशी दुपारी लागले होते.

माझा राग खोटा नव्हता. तो परीक्षेवरचा होता, आणि आज इतकी वर्षं झाल्यावरही त्यातला बराचसा मला योग्यच वाटतो. म्हणून आधी तेच मांडते. मॅडमची बाजू घेणारं पत्र आहे म्हणून त्यांच्या चुका झाकायच्या असं मला करायचं नाही.

पहिली चाचणी वीस गुणांची, वेळ एक तास. पाच सम, पाचही सक्तीचे. पहिल्यालाच पंचवीस मिनिटं गेली. मला काही येत नव्हतं असं नव्हे, त्या एका समचं आकडेमोडीचं काम तेवढं होतं. एक पान आकडेमोड, मग बदलून पुन्हा एक पान. वर्गात सगळ्यात हुशार म्हणून ओळखला जाणारा मुलगासुद्धा चौथ्यावर अडकला होता. वेळ संपल्याची बेल झाली तेव्हा कोणाचंही पेन खाली नव्हतं. माझा अंदाज असा की मॅडमनी तो पेपर स्वतः घड्याळ लावून सोडवून पाहिलाच नव्हता.

दुसरी तक्रार तपासण्याची. एका डबल इंटिग्रेशनच्या सममध्ये माझ्या लिमिट, म्हणजे इंटिग्रेशन कुठून कुठपर्यंत करायचं त्या मर्यादा, पहिल्याच ओळीत चुकल्या. पुढच्या चारही ओळी, त्या चुकीच्या लिमिट धरून, बरोबर होत्या. चारपैकी शून्य. विचारायला गेले तर मॅडम म्हणाल्या, ‘लिमिट चुकली म्हणजे प्रश्नच चुकला. पुढचं इंटिग्रेशन तू बारावीत शिकलीयस, त्याचे गुण मी इथे का देऊ?’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा आणि आताही माझं म्हणणं हे की हा नियम पेपरच्या आधी सांगायला हवा होता. युनिव्हर्सिटीच्या ऐंशी गुणांच्या पेपरात स्टेप मार्किंग मिळतं हे आम्हाला ठाऊक होतं, आम्ही त्याच हिशोबाने लिहीत होतो. शेवटी मला वीसपैकी सहा. पासिंग आठला.

तिसरी सगळ्यात मोठी. पेपर परत मिळाले ते पाच आठवड्यांनी, दुसरी चाचणी होऊन गेल्यावर. म्हणजे पहिल्या चाचणीत मी लिमिटची जी चूक केली, तीच दुसऱ्या चाचणीत पुन्हा केली, कारण मधल्या काळात ती चूक आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. युनिव्हर्सिटीच्या पेपरची निदान फोटोकॉपी मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. कॉलेजच्या चाचणीला आम्ही कुठे दाद मागायची?

पण या तिसऱ्या तक्रारीतला निम्मा भाग तुमच्याकडे येतो, सर. त्या वर्षी मॅडमकडे पहिल्या वर्षाच्या तीन डिव्हिजन होत्या, प्रत्येकीत सत्तरच्या आसपास मुलं. दोनशेच्या वर पेपर झाले. शिवाय नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींचं काम त्यांच्याकडे होतं. स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलावर आमच्या पेपरचा गठ्ठा आणि त्यावर नॅकचे बॉक्स फाइल रचलेले मी स्वतः पाहिलेत. कराराने घेतलेल्या माणसाला ‘हे मी करणार नाही’ म्हणायची सोय नसते. आम्हाला पहिल्या वर्षी हे कळत नव्हतं. आम्हाला दिसत होतं एवढंच की बाजूच्या डिव्हिजनचे पेपर आठवड्यात मिळतात आणि आमचे मिळत नाहीत.

आता शिकवण्याबद्दल.

मॅडम चाळीसगावकडच्या. पहिल्याच लेक्चरला त्यांनी फळ्यावर काहीही न लिहिता पाटण्याची गोष्ट सांगितली होती. चाळीसगावजवळ पाटणे गावात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे, साल १२०७. आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला त्यात ग्रहाची ‘तात्कालिक गती’ आहे. म्हणजे आज इथे आणि उद्या तिथे अशी दिवसभराची सरासरी गती नव्हे, तर या क्षणाची गती. ‘तुम्ही ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणता त्याच्या दारापर्यंत तो माणूस आला होता,’ असं मॅडम म्हणाल्या. मागून एकाने विचारलं, ‘मॅडम, हे पेपरला येणार का?’ आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत. ‘नाही येणार,’ एवढंच म्हणून त्या फळ्याकडे वळल्या.

त्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केलाय. तो मुलगा वाईट नव्हता. आम्ही सगळे दोन वर्षं एमएचटी-सीईटीच्या तयारीत घालवून आलो होतो. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ नव्वद मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लासमध्ये आम्हाला शिकवलेलं असतं की सम सोडवू नका, पर्याय घालून बघा. दोन पर्याय उडवा, उरलेल्यातला एक मारा. त्यात आम्ही तरबेज झालो होतो. त्यातच प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पहिल्या वर्षाचे वर्ग उशिरा सुरू होतात आणि सेमिस्टर आखडतं. अशा मुलांसमोर उभं राहून ‘आकृती काढल्याशिवाय पेन चालवायचं नाही’ म्हणणारं कोणीही आवडतं होणं कठीण आहे.

आणि मॅडम नेमकं तेच म्हणायच्या.

फेब्रुवारीतली एक दुपार सांगते. मॅडमनी फळ्यावर एक डबल इंटिग्रल लिहिला. आत ई रेज टू वाय स्क्वेअर. आधी वायच्या दृष्टीने करायचं, वाय एक्सपासून एकपर्यंत, मग एक्स शून्यापासून एकपर्यंत. ‘करा,’ म्हणाल्या आणि खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सब्स्टिट्यूशन घातलं, बाय पार्ट्स करून पाहिलं, कोणी सूत्रांची चोपडी काढली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. वर्गात कुजबुज वाढली. एक जण मोठ्याने म्हणाला, ‘मॅडम, मेथड तरी सांगा.’ मॅडम गप्प. माझ्या शेजारणीने वहीच्या कडेला तारीख घालून लिहिलं होतं, ‘आज काहीही शिकवलं नाही.’ फीडबॅकला उपयोगी पडेल म्हणून.

विसाव्या मिनिटाला मॅडम फळ्याशी आल्या. म्हणाल्या, ‘ई रेज टू वाय स्क्वेअरचं असं सुटं इंटिग्रेशन तुम्हाला माहीत असलेल्या कुठल्याच फंक्शनमध्ये लिहिता येत नाही. तुम्हालाच नाही, कोणालाच नाही.’ वर्ग एकदम शांत झाला. मग त्यांनी दोन अक्ष काढले, वाय बरोबर एक्सची तिरकी रेघ काढली, वर वाय बरोबर एकची आडवी रेघ. मधे एक त्रिकोण तयार झाला. त्यात खडूने एक उभी पट्टी काढली, तिरक्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत. ‘तुम्ही सगळे या पट्टीवरून चढत होता. ही पट्टी पुसा. आडवी टाका.’ आणि डस्टरने उभी पट्टी पुसून त्याच त्रिकोणात आडवी पट्टी काढली, वाय अक्षापासून तिरक्या रेघेपर्यंत. एक्स आता शून्यापासून वायपर्यंत. आतलं इंटिग्रेशन करताना वाय हा आकडा धरायचा, त्यामुळे त्यातून नुसता एक वाय बाहेर पडतो. आणि तो वाय बाहेर आला की वाय गुणिले ई रेज टू वाय स्क्वेअर हे बारावीतल्या मुलालाही येतं. उत्तर, ई वजा एक, आणि त्या सगळ्याला भागिले दोन. तीन ओळी.

त्या दुपारी मला हे आवडलं नाही हे मी कबूल करते. वीस मिनिटं फुकट गेली असंच वाटलं. त्याच आठवड्यात बाजूच्या डिव्हिजनचे सर ‘चेंज ऑफ ऑर्डर’चे, म्हणजे अशी पट्टी बदलायच्या समचे, दहा टाइप पायऱ्यांसकट लिहून देत होते. त्यातले पाच आयएमपी म्हणून खूण केलेले, आणि चाचणीत त्यातलेच चार आले. त्या सरांचा फीडबॅक साडेचारच्या वर असायचा. आम्ही त्यांच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानातून आणायचो. माणूस प्रेमळ, मुलांना नावाने ओळखणारा, अडीअडचणीला उभा राहणारा. त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही आणि कारणही नाही.

मला समजायला दोन वर्षं लागली. कम्युनिकेशनच्या विषयात दोन रँडम व्हेरिएबलची जॉइंट डेन्सिटी आली. एक व्हेरिएबल दुसऱ्यापेक्षा लहान असण्याची शक्यता काढा, असा प्रश्न. त्या सरांच्या डिव्हिजनमधला माझा मित्र, ज्याला एम-टूला माझ्यापेक्षा वीस गुण जास्त होते, लिमिट कुठून कुठे घ्यायच्या यावर अडकला. हुशार मुलगा. इंटिग्रेशन त्याला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. पण हा ‘टाइप’ त्याच्या दहांत नव्हता. मी काही विचार न करता वहीत दोन अक्ष काढले, तिरकी रेघ काढली आणि म्हणाले, ‘पट्टी आडवी टाक.’ ते शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मीच थबकले. लायब्ररीतल्या त्या लांब टेबलावर आम्ही बसलो होतो, पंखा फुल्ल होता, त्याने वही हाताने दाबून धरली होती आणि तो त्या त्रिकोणाकडे बघत होता.

घरी जाऊन मी पहिल्या वर्षाची फाइल काढली. त्यात ती वीसपैकी सहावाली उत्तरपत्रिका होती. पेपर मिळाला तेव्हा मी फक्त वरचा लाल सहा आणि त्या समचं शून्य पाहिलं होतं आणि पत्रिका घडी करून बॅगेत कोंबली होती. आता उघडून पाहिली. शून्य मिळालेल्या समच्या शेजारी, समासात, लाल पेनाने आकृती काढलेली होती. त्रिकोण, त्यात पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना बाण, आणि त्या बाणांवर बरोबर लिमिट लिहिलेल्या. खाली दोन शब्द : ‘आकृती कुठाय?’ पुढच्या समला अजून एक आकृती. मी माझ्या त्या वेळच्या मैत्रिणींना विचारलं. दोघींनी पत्रिका जपून ठेवल्या होत्या. दोघींच्या समासात अशाच आकृत्या. दोनशे पेपर, आणि प्रत्येक चुकलेल्या लिमिटशेजारी हाताने काढलेला त्रिकोण. पाच आठवडे का लागले याचा उरलेला निम्मा हिशोब तिथे होता.

म्हणजे मॅडम आम्हाला सांगत होत्या. फक्त ते आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा उशीर झाला होता, आणि आम्ही वाचलंही नाही.

ज्युनिअरचा मेसेज आल्यावर मी या विषयावर जरा शोधाशोध केली. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये तिथल्या हवाई दलाची अकादमी आहे. तिथे कॅल्क्युलस सगळ्यांना सक्तीचा, कोणाला कुठले प्राध्यापक मिळतील हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि सगळ्या तुकड्यांना पेपर एकच. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या दहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल पुढच्या विषयांपर्यंत माग काढत तपासले आणि २०१० मध्ये जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीत मांडले. ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्याच विषयात जास्त गुण पडले आणि ज्यांना फीडबॅक चांगला मिळाला, त्यांची मुलं पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयांत सरासरीने मागे पडली. जे अनुभवी होते, त्यांच्या मुलांना आधी गुण कमी पडले, पण पुढे ती मुलं सरस ठरली. २०१७ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी अशा अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र फेरमोजणी केली. विद्यार्थ्यांनी दिलेला फीडबॅक आणि विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले, यांत त्यांना संबंध सापडला नाही.

एक लष्करी अकादमी म्हणजे आपलं कॉलेज नव्हे, हे मला कळतं. तिथला निष्कर्ष उचलून इथे चिकटवा असं मी म्हणत नाही. पण माझ्या आणि त्या मित्राच्या वाट्याला जे आलं ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. कमी फीडबॅक म्हणजे कमी शिकवणं, हे तुम्ही गृहीत धरताय. ते गृहीत न धरता आधी तपासा, एवढंच माझं मागणं आहे. तपासायची सामग्री तुमच्याकडेच आहे. मॅडमच्या डिव्हिजनमधली मुलं पुढे एम-थ्रीला, एम-फोरला कशी होती ते परीक्षा विभागातल्या निकालांत दिसेल. एका दुपारचं काम आहे.

मुलांच्या मताला किंमत नाही असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. उलट मला भीती वाटते ती याचीच, की हे वाचून कोणीतरी म्हणेल, ‘बघा, मुलांना काही कळत नाही.’ मुलांना बरंच कळतं. पेपर वेळेच्या मानाने फार लांबलचक होता हे आम्हाला कळत होतं आणि ते खरंच होतं. माझी बाकावरची शेजारीण वाशीची, घरी मल्याळम बोलणारी. मॅडम रंगात आल्या की मराठीत शिरायच्या आणि पाच-पाच मिनिटं तिथेच राहायच्या. तिला तेवढा भाग हरवायचा. तिने फॉर्ममध्ये ते नीट शब्दांत लिहिलं होतं, रागाने नव्हे. मी लोकमान्यनगरच्या मराठी शाळेतून आलेली. अकरावीला सगळं गणित एकदम इंग्रजीत आलं तेव्हा मी भांबावले होते. ती पाच मिनिटं माझ्यासाठी श्वास घ्यायची जागा होती. दोघींचंही खरं. तिच्या तक्रारीवर उपाय सोपा होता, मराठीत सांगून झालं की तेच दोन वाक्यांत इंग्रजीत पुन्हा सांगायचं. पण तिने लिहिलेलं मॅडमपर्यंत पोचलंच नाही. मॅडमपर्यंत पोचला तो सरासरीचा आकडा. चार वर्षं दर वर्षी एक आकडा. त्यातून काय सुधारायचं हे त्यांनी कसं ओळखायचं?

आणि त्याच फॉर्ममधल्या मोकळ्या जागेत काही मुलांनी मॅडमच्या साड्यांवर, त्यांच्या बोलण्यातल्या खानदेशी हेलावर लिहिलं होतं. आमच्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट फिरले. मी तेव्हा त्यावर काही बोलले नाही. हेही तुमच्या त्या सरासरीत मिसळलेलं आहे. बाजूच्या डिव्हिजनच्या सरांच्या शर्टावर कोणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

तर तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते सांगते. मॅडमचा करार या आकड्यावर थांबवू नका. आधी त्यांच्या चार वर्षांच्या मुलांचे पुढचे निकाल बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बोलावून विचारा की पहिल्या वर्षाच्या गणितातलं तुम्हाला आज काय उपयोगी पडतं आणि ते कोणी शिकवलं. नॅकला विद्यार्थ्यांचा फीडबॅक लागतो, तो द्या, पण त्या फाइलसाठी भरून घेतलेला कागद आणि एखाद्याला ठेवायचं की काढायचं याचा निर्णय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. फीडबॅक हॉल तिकिटाला बांधू नका. सेमिस्टरच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, वर्गातच, कागदावर, दोनच प्रश्न विचारा : कुठे अडलं, आणि कशाने समजलं. तो कागद आधी त्या शिक्षकाच्या हातात द्या, म्हणजे उरलेल्या आठवड्यांत त्यांना काही बदलता येईल.

परीक्षेबद्दल मी मुलांच्या बाजूने ठाम आहे. चाचणीचा पेपर आधी दुसऱ्या एका शिक्षकाने घड्याळ लावून सोडवावा. शिक्षकाला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर एका तासात तो मुलांना पुरणार नाही. गुण कशाला आणि किती हे आधी सांगा. लिमिट चुकली तर शून्य, हा मॅडमचा नियम असेल तर असू दे, पण तो फळ्यावर लिहिलेला असू दे. आणि उत्तरपत्रिका आठ दिवसांत मुलांच्या हातात पडली पाहिजे. त्यासाठी तपासणाऱ्याकडून त्या आठ दिवसांपुरते बॉक्स फाइल काढून घ्यावे लागतील. ते तुम्हालाच करता येण्यासारखं आहे, मॅडमना नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनो, हे पत्र तुमच्या ग्रुपवर येईल तेव्हा एक करा. तुमच्या चाचणीची पत्रिका बॅगेत असेल. ती काढा, वरच्या गुणांवर बोट ठेवून झाका आणि समास बघा.

सर, सोबत माझ्या त्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स जोडली आहे. तिसऱ्या पानावरची आकृती लाल पेनाची आहे, झेरॉक्समध्ये काळी आली, म्हणून मूळ पत्रिकाही घेऊन यायची माझी तयारी आहे. ऐरोलीहून मला शनिवारी निघता येतं. समितीची बैठक शनिवारी ठेवलीत तर मी आणि त्या डिव्हिजनमधल्या आणखी चौघी-पाच जणी येऊ. तो एमटूला माझ्यापेक्षा वीस गुण जास्त मिळवणारा मित्रही येतो म्हणालाय. मी तेव्हा भरलेला फॉर्म आता मागे घेता येत नसेल, तर हे पत्र मॅडमच्या फाइलला त्या आकड्याच्या वर लावावं, ही विनंती.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
वर्तकनगर, ठाणे